लहान मुलांचं हार्ट फेल्युअर आणि बीटा ब्लॉकर: ओपीडीत पालक विचारतात ते प्रश्न

कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकर औषधाची चिठ्ठी हातात पडली की बहुतेक आई-वडील आधी मोबाइल काढतात. 'हृदयाची गती आणि जोर कमी करणारं औषध' असं वाचतात आणि दहा मिनिटांत परत दाराशी येतात. खालचे प्रश्न त्या दाराशी झालेल्या बोलण्यातून आले आहेत. डोस, तपासण्या आणि वेळा तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितल्या त्याच पाळायच्या. हे वाचून घरी काही बदलू नका.

हार्ट फेल म्हणजे बाळाचं हृदय बंद पडणार का?

नाही. नाव भीतीदायक आहे, पण अर्थ एवढाच की शरीराला जेवढं रक्त लागतं तेवढं हृदयाला रेटता येत नाही, किंवा रेटताना त्याची फार ओढाताण होते. मोठ्या माणसाला जिना चढताना दम लागतो. तान्ह्या बाळाचा जिना म्हणजे दूध ओढणं. दोन घोट घेतले की थांबतं, कपाळावर घाम येतो, परत ओढतं, दमून झोपतं आणि अर्ध्या तासात भुकेनं रडतं. वजन वाढत नाही. 'बाळाला अंगावरचं दूध पुरत नाही' असं घरात सगळे म्हणत असतात, आणि दोष बिचाऱ्या आईच्या माथी जातो.

मोठ्या मुलांत पोट दुखणं, भूक मंदावणं, उलट्या ही लक्षणं दिसतात, म्हणून कित्येकांवर आधी ॲसिडिटीचे उपचार होतात.

पंपिंग आधीच कमी आहे. मग जोर कमी करणारं औषध का?

हा प्रश्न बरोबर आहे. वैद्यकशास्त्रालाही तो कित्येक वर्षं पडला होता.

हृदय कमी पडायला लागलं की शरीर ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन ही ताणाच्या वेळची संप्रेरकं वाढवतं. ठोके वाढतात, जोर वाढतो. धाप लागून पळायचं असेल, रक्तस्राव झाला असेल, तर ही सोय जीव वाचवते. पण ती तासा-दोन तासांसाठी आहे. चढावर थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं जोरात जातो. दिवसभर टोचत राहिलात तर बसतो. हृदयाच्या पेशींचं तसंच होतं. सततच्या ॲड्रिनलिननं त्या झिजतात, मरतात, हृदय ताणून मोठं होतं. पेशींवर ॲड्रिनलिनला जागा देणारे बीटा रिसेप्टर असतात, त्यांची संख्याही घटते. रोज ओरडणाऱ्या माणसाकडे घरातले लक्ष देईनासे होतात, तसंच काहीसं.

बीटा ब्लॉकर त्या रिसेप्टरवर आधी जाऊन बसतो. पराणी अडवतो म्हणा. ठोके सावकाश होतात, दोन ठोक्यांमधली उसंत वाढते, आणि त्या उसंतीतच हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं. पहिल्या काही आठवड्यांत पंपिंग किंचित कमीही होऊ शकतं. फायदा दिसायचा असेल तर तो महिन्यांनी दिसतो, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, हृदयाचा आकार हळूहळू लहान होताना.

उलट्या बाजूचा पुरावाही आहे. जोर वाढवणारं मिलरिनोन पोटातून रोज दिलं तर प्रौढ रुग्ण बरे होतील अशी आशा होती. १९९१ मध्ये त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त निघाले. मिलरिनोन आजही आयसीयूत शिरेतून वापरतात, पण तो काही दिवसांचा टेकू असतो.

हे औषध हार्ट फेल्युअरमध्ये द्यायचं नसतं, असं आमच्या ओळखीच्या एका जुन्या डॉक्टरांनी सांगितलं.

ते शिकले तेव्हा पुस्तकात तसंच होतं. पहिलं यशस्वी बीटा ब्लॉकर, प्रोप्रॅनोलॉल, जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनवलं. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. छातीतली कळ, रक्तदाब यांसाठी ते उत्तम ठरलं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये मात्र सक्त मनाई होती. १९७५ मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय मोठं झालेल्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर दिल्याचा अनुभव छापला. रुग्ण सुधारले होते. तरीही पुढची वीसेक वर्षं बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये बायसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या अभ्यासात २,६४७ प्रौढ रुग्णांत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. मेटोप्रोलॉल आणि कार्व्हेडिलॉलचे निकालही त्याच सुमारास तसेच आले, आणि मनाई असलेलं औषध प्रौढांच्या उपचाराचा पाया झालं.

प्रौढांचं कळलं. मुलांमध्ये हे सिद्ध झालंय का?

तेवढ्या ठामपणे नाही. कोणी 'शंभर टक्के सिद्ध आहे' म्हणालं तर ते खरं नाही, आणि 'मुलांत काही उपयोगच नाही' हेही खरं नाही.

सर्वांत मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २६ केंद्रांमधली १६१ मुलं, सगळी अठरा वर्षांखालची. काहींना कार्व्हेडिलॉल कमी डोसमध्ये, काहींना जास्त डोसमध्ये, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं प्लासिबो. आठ महिने. निकाल असा, की कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के सुधारले आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही ५६ टक्के. बिघडलेल्यांचं प्रमाण औषधावर २४ टक्के, प्लासिबोवर ३० टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो एवढाच.

निराशाजनक आकडे आहेत, पण त्यांच्या आत पाहायला हवं. मुलं मुळात अपेक्षेपेक्षा बरीच सुधारली, त्यामुळे औषधाचा फरक दिसायला १६१ ही संख्या तोकडी पडली. आणि प्रौढांत बहुतेकांचा आजार एका साच्यातला असतो, तसा मुलांत नसतो. या अभ्यासात स्नायू कमकुवत झालेली मुलं होती, तशीच जन्मतः हृदयाची रचना वेगळी असलेलीही होती. ज्यांच्या शरीराला रक्त पुरवणारा कप्पा नेहमीसारखा डावा होता, त्यांच्यात कल फायद्याकडे होता. ज्यांचा तसा नव्हता, त्यांच्यात कल उलट दिशेला. एकाच टोपलीत आंबे आणि कांदे घालून सरासरी गोडी काढली तर काय हाती लागणार?

डोसचाही प्रश्न आहे. लहान मुलांचं शरीर कार्व्हेडिलॉल प्रौढांपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून किलोमागे तोच डोस देऊनही रक्तात औषध कमी उरतं. शिवाय प्रौढांच्या आजारी हृदयात मुख्यतः बीटा-१ रिसेप्टर घटतात, मुलांच्या हृदयात बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही घटलेले आढळले आहेत. म्हणजे मूल हे छोटं प्रौढ माणूस नव्हे, हे रिसेप्टरपर्यंत खरं आहे.

कॉक्रेन संस्थेनं २०१६ मध्ये तोवरचे सात अभ्यास एकत्र पाहिले. मिळून ४२० मुलं. लहान अभ्यासांत सुधारणा दिसत होती, मोठ्या अभ्यासात नाही. 'द्याच' किंवा 'देऊ नका' म्हणायला पुरावा अपुरा आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

मग तुम्ही का देता?

कारण समोर बसलेल्या मुलाचं हृदय मोठं झालेलं आहे, आणि वाट पाहणं हाही एक निर्णयच असतो. अमेरिकेतल्या मुलांच्या कार्डिओमायोपॅथीच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या आजाराच्या, नोंदवहीत स्नायू पातळ होऊन हृदय फुगलेल्या मुलांपैकी पाच वर्षांत ४६ टक्के मुलं दगावली किंवा त्यांना हृदय प्रत्यारोपण लागलं. त्याच नोंदवहीत कारण न सापडलेल्या मुलांपैकी २२ टक्क्यांचं हृदय दोन वर्षांत आकारानं आणि कामानं पुन्हा नॉर्मल झालं. कोणतं मूल कोणत्या बाजूला जाईल हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

प्रौढांतला पुरावा भक्कम आहे, यामागचं शास्त्र पटण्यासारखं आहे, लहान अभ्यास त्याच दिशेचे आहेत, आणि काळजीपूर्वक दिलं तर बहुतेक मुलं ते सहन करतात. म्हणून डावा कप्पा कमकुवत झालेल्या, स्थिर असलेल्या मुलांना ते दिलं जातं. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात मात्र अठरा वर्षांखाली सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध नसल्याचं छापलेलं असतं. बालरोगांतली कित्येक औषधं अशीच वापरली जातात. पण तुम्हाला ते आधी सांगायला हवं. दुकानात पत्रक वाचून कळणं वाईट.

सगळ्याच हृदयाच्या मुलांना हे लागतं का?

मुळीच नाही.

हृदयाला मोठं भोक असलेल्या तान्ह्या बाळालाही हार्ट फेल्युअर होतं, पण तिथे स्नायू सहसा चांगला असतो. रक्त चुकीच्या वाटेनं फुप्फुसांत जातं. त्यावर इलाज म्हणजे भोक बंद करणं. तोवर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, दुधात जास्त उष्मांक. जर्मनीत अशा बाळांना प्रोप्रॅनोलॉल देऊन पाहिलं गेलं आहे, पण ती नेहमीची पद्धत झाली नाही. एकच कप्पा काम करतो अशा मुलांमध्ये, विशेषतः तो उजव्या घडणीचा असेल तर, मी स्वतः हात आखडता घेतो.

काही मुलांत खरं कारण वेगळंच निघतं, आणि ते सापडलं तर हृदय पूर्ण बरं होऊ शकतं. आपल्याकडे सर्वांत आधी शोधायचं ते ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. फक्त आईच्या दुधावर असलेलं, ड जीवनसत्त्वाचे थेंब न मिळालेलं काही महिन्यांचं बाळ झटके येऊन किंवा धाप लागून येतं, इकोवर हृदय मोठं, आणि रक्तात कॅल्शियम तळाला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं की काही महिन्यांत ते हृदय सावरतं. सूर्याच्या देशात हे व्हावं याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. दुसरं, डावी कॉरोनरी धमनी चुकीच्या जागेहून निघालेली असणं. त्याला शस्त्रक्रियाच लागते. तिसरं, आठवडेच्या आठवडे ठोके फार जलद चालल्यानं थकलेलं हृदय. तिथे आधी ठोक्यांचा इलाज.

आणि मूल आयसीयूत आहे, रक्तदाब पडलेला आहे, हातपाय गार आहेत, अशा वेळी बीटा ब्लॉकर सुरू करत नाहीत. तेव्हा हृदय त्या पराणीवरच उभं असतं. आधी मूल सावरतं, अंगातलं जास्तीचं पाणी निघतं, रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करणारं एनालाप्रिलसारखं औषध बसतं, मग याची पाळी.

एवढासा डोस का? गोळीचा दहावा भाग देऊन काय होणार?

सुरुवातीला काही होऊ नये हीच अपेक्षा असते. सहा किलोच्या बाळाला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमनं सुरू केलं तर एका वेळचा डोस होतो ०.३ मिलिग्रॅम. बाजारात मिळणारी सर्वांत लहान कार्व्हेडिलॉलची गोळी ३.१२५ मिलिग्रॅमची. म्हणून दहावा भाग. बाळानं तो पचवला तर साधारण दोन आठवड्यांनी वाढवायचा, पुन्हा दोन आठवडे थांबायचं. २००७ च्या अभ्यासातला कमी डोस किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा होता. पंधरा किलोच्या मुलाला तो जवळजवळ एक छोटी गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी एवढा होतो. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालतात. घाई करून पोचलेलं मूल मलूल होतं आणि आम्ही परत पायथ्याशी येतो.

दहावा भाग घरी कसा करायचा?

सुरीनं तर नाहीच. आडकित्ता वापरून आलेले एक आजोबा माझ्या चांगले लक्षात आहेत. तुकडे अगदी सुबक होते, पण सारखे नव्हते. हॉस्पिटलच्या फार्मसीत पुड्या किंवा पातळ औषध करून मिळत असेल तर तेच घ्यावं. गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजनं ठरावीक मिलि काढायला सांगितलं असेल, तर एक ध्यानात ठेवा: कार्व्हेडिलॉल पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. ढवळून लगेच ओढायचं. उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. किती पाणी आणि किती मिलि, हे कागदावर लिहून घ्या आणि एकदा नर्ससमोर स्वतः करून दाखवा. आजी देणार असेल तर आजीलाही घेऊन या. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत ही या औषधातली मला सर्वांत भीती वाटणारी चूक आहे.

कार्व्हेडिलॉल रिकाम्या पोटी देऊ नये. दूध, खिमट, काहीतरी पोटात असलं की ते सावकाश शोषलं जातं आणि रक्तदाब एकदम उतरत नाही.

सुरू केल्यावर बाळ जास्त झोपतं, अंग गार लागतं.

पहिल्या दिवसांत आणि प्रत्येक वाढीनंतर थोडी सुस्ती येते, ती बहुधा ओसरते. पण दूध सोडलं, उठवून उठत नाही, हातपाय गार आणि चेहरा पांढुरका, श्वासात शिट्टीसारखा आवाज, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज, दोन-तीन दिवसांत एकदम वजन वाढलं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. झोपेत श्वास मोजायला शिका. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. गावातल्या आशाताई न्यूमोनियासाठी हेच मोजतात, त्या शिकवतील.

जुलाब-उलट्या लागल्या तर?

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात, खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या लहान मुलाचं पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर पडू शकते. एरवी साखर पडली की छाती धडधडते, हात थरथरतात. हे औषध त्या खुणा झाकतं. घाम मात्र येतो, म्हणून गार घाम हीच खूण धरा. मूल जागं असेल, गिळत असेल तर साखरपाणी द्या आणि निघा. सुस्त असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

खाणं-पिणं जवळजवळ बंद असेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. लघवीच्या औषधाचंही तेच. भूल देऊन करायच्या तपासणीसाठी उपाशी ठेवायला सांगितलं, तर हे औषध चालू असल्याचं तिथे आवर्जून सांगा.

एक डोस उलटीतून पडला किंवा राहिला?

पुन्हा देऊ नका, दुप्पट तर कधीच नको. पडलेला डोस पडला. विसरलेला डोस तासा-दोन तासांत आठवला तर द्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडा.

आम्ही गावी होतो, गोळ्या संपल्या, चार दिवस दिलंच नाही. मूल तर बरं होतं.

नशीब. औषध एकदम थांबलं की इतके दिवस अडवून धरलेलं ॲड्रिनलिन एकदम मोकळं सुटतं. ठोके वाढतात, कधी मूल अचानक बिघडतं. आणि चार दिवसांनी जुना पूर्ण डोस परत सुरू करणंही धोक्याचं, कारण हृदयाची सवय मोडलेली असते. फोन करा, कदाचित खालून सुरुवात करावी लागेल. यात्रा, लग्न, सुट्टी, काहीही असो, निघताना दोन आठवड्यांचं औषध जास्त न्या.

सर्दी-खोकला, दमा, लस?

कार्व्हेडिलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल श्वासनळ्याही आखडू शकतात. मुलाला दमा असेल, पंप किंवा नेब्युलायझर लागत असेल तर सुरू करण्याआधीच सांगा. कधी मेटोप्रोलॉलसारखं हृदयापुरतं काम करणारं औषध निवडतात, कधी देतच नाहीत. मेडिकलमधून परस्पर सर्दीचं सिरप आणू नका. त्यातलं फिनाइलेफ्रिन हे नाक मोकळं करणारं औषध या मुलांना नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या कोणत्याच मुलाला देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं आहे.

लसी सगळ्या घ्या, फ्लूची दरवर्षी.

अर्जुनारिष्ट सोबत चालेल का?

आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेला अल्कोहोल असतो. लहान मुलाला, तेही रक्तदाब उतरवणारी तीन औषधं चालू असताना, मी देऊ देणार नाही. देत असाल तर लपवू नका. मी रागावणार नाही, पण मला माहीत असायला हवं. डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध चालू असेल तरी सांगा, कार्व्हेडिलॉलमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते.

शाळा आणि खेळ?

शाळा हो. धावण्याच्या शर्यती, कबड्डी हे इको पाहून ठरवू. मूल स्वतः दमून बसलं तर बसू द्यावं, 'उठ, आळशी' म्हणू नये, एवढं पीटीच्या सरांना सांगून ठेवा.

इको नॉर्मल आला. आता बंद करू?

थांबा. बऱ्या झालेल्या प्रौढांवर ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला, ५१ जणांचा. ज्यांची औषधं हळूहळू बंद केली, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ज्यांची चालू ठेवली, त्यांच्यात एकाचाही नाही. मुलं याहून चांगली वागतात असं मला वाटतं, विशेषतः ज्यांना विषाणूमुळे किंवा कॅल्शियममुळे झालं होतं ती. पण बंद करायचंच तर एकेक औषध, महिन्यांच्या अंतरानं, मध्ये इको करत. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे अंगातले स्नायू झिजत जाणारा जन्मजात आजार, असलेल्या मुलांत तर बंद करण्याचा विषयच निघत नाही.

याहून नवं काही?

आहे. ठोके कमी करणारं, पण जोराला हात न लावणारं आयव्हाब्राडिन ११६ मुलांवर तपासलं गेलं. सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या हार्ट फेल्युअरच्या जोड-औषधालाही त्याच वर्षी, एक वर्षापुढच्या मुलांसाठी. ती महाग आहेत, आणि बहुतेकदा बीटा ब्लॉकर काढून नव्हे तर त्याच्या जोडीला येतात. कार्व्हेडिलॉल त्या मानानं स्वस्त आहे. खर्च असतो तो इकोचा आणि प्रवासाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या त्या पथकाकडे नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा. जन्मजात हृदयविकाराच्या शस्त्रक्रियेसाठी त्यातून मदत होते.

पुढच्या वेळी येताना काय आणायचं?

औषधाच्या सगळ्या बाटल्या, पुड्या आणि ती सिरिंज. जुने इको, नुसते रिपोर्ट असले तरी. आणि वही: दर आठवड्याचं वजन, झोपेतले श्वास, कोणता डोस कधी राहिला. वजन वाढलं असेल तर डोस नव्यानं मोजावा लागतो. गेल्या वर्षीचा डोस तेव्हाच्या बाळासाठी होता.